सत्तर दिवसांची खबर

आमच्या लोकांना एक खोड आहे आणि त्या खोडीपायी आमची चौकी हातची जात होती. मी तुफूल. माझं तोंड जरा सुटलेलं आहे असं आमचं सगळं वाळवंटी पठार म्हणतं, म्हणून मीच सांगते. आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला सांगायला बसवलं तर आधी तीन वाट्या कॉफी होईल, मग कुठे तोंड उघडेल.

खोड अशी. कुणी भेटलं की विचारायचं, "काय खबर?" समोरच्याने म्हणायचं, "काही खबर नाही, सगळं छान. तुमची काय खबर?" "काही नाही, सगळं छान." मग कॉफी. मग पुन्हा, "आणि काय खबर?" "काही नाही, अल्लाची कृपा." पुन्हा कॉफी. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस मांडी बदलतो, घसा खाकरतो आणि खरं काय ते सांगतो. पहिल्याच फटक्यात सांगून टाकणं म्हणजे शुद्ध आडदांडपणा. ज्याला मनापासून ऐकायचंय तो तीनदा विचारेल, अशी आमची समजूत. मग विहीर आटलेली असो नाहीतर कुणी मेलेलं असो.

मिझूनच्या वेळी मला कळा सुरू झाल्या आणि नवरा माझ्या भावाकडे गाडी मागायला गेला. "काय खबर?" "काही नाही, सगळं छान." हे महाशय तिकडे खजूर खात बसले आणि इकडे मी तंबूचा खांब उपटायच्या बेताला आलेली. गाडी दारात आली तेव्हा मिझून कधीची जन्मून दूध पीत होती. आठवड्यातून एकदा तरी मी हे त्याला ऐकवते. दहा वर्षं झाली, पण माझा राग अजून शिल्लक आहे.

तर आमचं बिऱ्हाड बीर हदीफच्या चौकीवर. चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली, पाण्याची टाकी, रेडिओचा उंच दांडा आणि मागे आमचा तंबू नि माझ्या शेळ्या. काम ओरिक्स सांभाळायचं, म्हणजे वाळवंटातली मोठी हरणं. पांढरंशुभ्र अंग, काळे पाय, दोन लांब सरळ शिंगं. कधीकाळी बंदूकवाल्यांनी या पठारावरचा शेवटचासुद्धा टिपून नेला होता. मग परमुलखातून आणून पुन्हा सोडले, आणि सांभाळायला आमच्याच लोकांना नेमलं. नोकरी एकट्या सुहैलची, माझ्या नवऱ्याची. राबतं सगळं घर. सुहैल गाडी चालवतो. सासरे पावलं वाचतात. ते माझे सख्खे काका, म्हणून मी त्यांना काकाच म्हणते, बखीतकाका. सत्तरी ओलांडली, पण वाळूवर एक खूर दिसला की कुठल्या जनावराचा, कधीचा, पोटात काय होतं, सगळं सांगतील. मिझून शेळ्यांमागे फिरते आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. आणि लिहिते मी, कारण सुहैलचं अक्षर म्हणजे वहीवरून पाल पळाल्यासारखं.

रोज सकाळी सात वाजता रेडिओवरून किनाऱ्याच्या ऑफिसला खबर द्यायची. तिकडे पूर्वी आमच्यातलेच एक म्हातारे गृहस्थ होते. ते तिकडे कॉफी घेऊन बसत, सुहैल इकडे कॉफी घेऊन बसे. तीन फेऱ्या होत, मग पाऊण तास ओरिक्स. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी अय्यूब नावाचा किनाऱ्यावरचा शिकलेला तरुण आला. पोरगा कामाचा, बोलणं नम्र. पण पहिल्या दिवशीच घोळ झाला.

"बीर हदीफ, काय खबर?"

"काही खबर नाही, सगळं छान," सुहैल म्हणाला. "तुमची काय खबर?"

"उत्तम. आभारी आहे." आणि खट्. रेडिओ बंद.

सुहैल कानाशी रेडिओचा फोन धरून तसाच बसून राहिला. हातातली कॉफी निवली.

"कट झाला असेल," मी म्हटलं.

"कट नाही झाला. त्याने ठेवला."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाकीच्या चौक्यांवर शाळा शिकलेली पोरं, ती विचारल्याबरोबर भडाभडा सांगून मोकळी होत. आमचे हे मात्र रोज सकाळी दाढी विंचरून, स्वच्छ डगला घालून रेडिओपुढे बसायचे, "काही खबर नाही" म्हणायचे आणि दुसऱ्यांदा कुणी विचारेल म्हणून वाट बघायचे. मग खट्.

"अरे अबू मिझून, मिझूनच्या बापा," मी सांगून सांगून थकले, "त्याला आपली रीत ठाऊक नाही. सांगून टाक ना सरळ!"

"त्याला ऐकायचंच नाही तर मी त्याच्या मागे खबर घेऊन धावू? मी काय मासळी विकायला बसलोय?"

"मग मी सांगते. दे इकडे."

"खबरदार! माझी बायको आगाऊ आहे हे किनाऱ्यापर्यंत कळायला नको."

"किनाऱ्यापर्यंत कधीच कळलंय," काका म्हणाले. पण तेही मुलाच्याच बाजूचे. तीनदा न विचारणाऱ्याला खबर देणं त्यांच्या हयातीत झालं नव्हतं.

मी मुकाट्याने वहीत लिहीत राहिले. चार नर दक्षिणेच्या सखल भागात. एक म्हातारा नर लंगडतोय. अनोळखी टायरच्या खुणा, दोनदा. आणि पानापानावर अनीदा. अनीदा म्हणजे हट्टी. ही मादी कळपाबरोबर चालायची नाही, पाण्याला यायची नाही, आम्ही पूर्वेला शोधलं की ही पश्चिमेला. पोटुशी होती. आमच्या बाजूला सहा वर्षांत पाडस झालं नव्हतं, त्यामुळे आमच्या सगळ्यांचा जीव तिच्यात गुंतला होता. वही मात्र ऋतू संपल्यावर ट्रकमधून ऑफिसला जायची. तोवर ऑफिसला बीर हदीफहून जे काय कळत होतं ते एवढंच, की काही खबर नाही.

एका सोमवारी पाण्याच्या टँकरबरोबर पत्र आलं. मी वाचून दाखवलं. बीर हदीफ भागातून सत्तर दिवसांत ओरिक्सची एकही नोंद नाही, सबब चौकी बंद करण्यात येत आहे. रेडिओ आणि किल्ल्या ताब्यात घेण्यासाठी बुधवारी श्री. अय्यूब येतील. सुहैलची बदली शहराच्या ऑफिसात, फाटकावर. राहायला दोन खोल्या.

फाटकावर! ज्या माणसाला धुक्यात वीस कोसांवरची बाभूळ सापडते त्याने मोटारींना दांडा वर-खाली करायचा. काका मुठीत वाळू घेऊन बसले. दोन खोल्यांत त्यांनी काय वाचायचं, फरशी?

आणि दैवाची थट्टा बघा. त्याच दिवशी सकाळी अनीदा सापडली होती. काकांनी तिची पावलं बघितली आणि गाडी थांबवायला लावली. काल खूर खोल उमटत होते, आज उथळ. आणि सरळ न जाता ती दरीच्या तोंडाशी घुटमळून परतलेली. काका हसायलाच लागले. "मोकळी झाली," म्हणाले. ओरिक्स पाडसाला खळग्यात लपवते आणि स्वतः लांब चरते, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये. माणसाने तिकडे फिरकायचंही नाही. आम्ही लांब टेकाडावर पालथे पडून दुर्बिणीतून बघत राहिलो. उन्हं वर आल्यावर ते वाळूच्या रंगाचं एवढंसं पोर उठलं, चार पाय चार दिशांना गेले, पडलं, पुन्हा उठलं आणि मागचे पाय वाकवून मुतलं. मिझून ओरडणार तेवढ्यात सुहैलने तिचं तोंड दाबलं.

"मुलगी आहे," तो पुटपुटला. डोळे भरले होते त्याचे. मिझून झाली तेव्हासुद्धा एवढे भरले नव्हते, तेव्हा तो खजूर खात होता.

म्हणजे चौकी गेली की त्या पोरीकडे बघायला कुणी नाही. टायरच्या खुणा कसल्या होत्या ते आम्हाला न सांगता समजत होतं. असलं पाडस जिवंत धरून नेतात आणि कुणा बड्याच्या बागेत विकतात. जाळं लागतं, एक गाडी लागते आणि चौकी रिकामी लागते. बस.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "उद्या सात वाजता. हात जोडते तुला."

"परवा येतोय ना तो? समोर बसून सांगतो. व्यवस्थित."

"आणि समोरही त्याने एकदाच विचारलं तर?"

"आपल्या तंबूत बसून कोण एकदा विचारतं?" सुहैल म्हणाला. आणि बाप-लेक दोघांनी अशी मान हलवली की मी कपाळाला हात लावला.

बुधवारी दहाच्या सुमाराला अय्यूब आला. नवी कोरी गाडी, इस्त्रीचा डगला, काखेत फाईल. चेहरा मात्र पडलेला. पोरगा मनाने वाईट नव्हता, आपण कुणाचं तरी घर उठवायला आलोय हे त्याला कळत होतं. काकांनी त्याला गादीवर बसवलं, खजूर पुढे केले, मी कॉफी ओतली.

"काय खबर?" सुहैलने विचारलं.

"खबर हीच, की चौकी बंद झाली. मला फार वाईट वाटतंय."

पहिल्याच वाटीला! काकांना ठसका लागला. मिझून असती तर फिदीफिदी हसली असती, बरं झालं ती शेळ्या घेऊन गेली होती. काकांनी घसा साफ केला आणि पाहुण्याच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलंच नाही अशा थाटात पुढे विचारलं, "आणि बाकी? घरचे छान?"

"छान आहेत, काका."

"आई?"

"छान."

"तुमची काय खबर?" अय्यूबने शेवटी विचारलं.

"काही खबर नाही," सुहैल म्हणाला. "सगळं छान."

अय्यूबने सुस्कारा सोडला, फाईल उघडली, पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागला. मला दिसत होतं काय लिहितोय ते. मी सुहैलकडे डोळे वटारले. तो पाहुण्याकडे बघत बसलेला, प्रेमाने, पुढचा प्रश्न येईल म्हणून. मी काकांकडे बघितलं. काकांनी भुवई उचलून मला दटावलं. पाहुणा घरात असताना बाईने मधे पडून नवऱ्याला खोटं पाडायचं नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरून आणखी कॉफी ओतली, तीही त्याच्या फाईलवर सांडली, आणि खरं सांगायचं तर चुकून नाही सांडली.

तेवढ्यात मिझून आली. धावत आली होती. केस सुटलेले, एक चप्पल कुठेतरी राहिलेली, छाती धपापत होती. पण समोर पाहुणा बघितल्यावर पोरगी दारातच थांबली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "सलाम आलेकुम."

"वालेकुम सलाम, बाळ," काका म्हणाले. "काय खबर?"

"काही खबर नाही, आजोबा. सगळं छान. तुमची काय खबर?"

"सगळं छान. बघितलंत?" काका अय्यूबला म्हणाले. "दहा वर्षांची आहे. शहरात हे वळण कुठे लागणार?"

"गोड आहे," अय्यूब म्हणाला.

गोड! मी तिच्या पायांकडे बघत होते. माझी पोर खोटं बोलते तेव्हा तिच्या पायाची बोटं वाळू उकरायला लागतात. आता दोन्ही पायांनी ती विहीर खणत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, ओठ दाबून धरले होते, आणि तिचे आजोबा निवांतपणे खजुराची बी काढत होते. दुसऱ्यांदा विचारतील, मग तिसऱ्यांदा विचारतील. इथे माझ्या डोक्याची शीर तडकली.

"चुलीत गेली ती रीत!" मी किटली आपटली. "मिझून! बोल गं, काय झालं?"

"गाडी!" मिझून एकदम रडायलाच लागली. "पांढरी गाडी, नंबर नाही, दोन माणसं आहेत, मागे जाळं आहे, आणि ते दरीकडे गेले, अनीदाच्या दरीकडे, आई, मी केव्हाची पळतेय!"

सगळे एकाच वेळी उठले. अय्यूबची फाईल खजुरांत पडली. आमच्या गाडीची बॅटरी रेडिओला जोडलेली, ती सोडवून लावेपर्यंत दरीत काही उरलं नसतं. सुहैलने अय्यूबच्या हातातून किल्ली घेतली. परवानगी मागितली की नाही मला आठवत नाही.

नव्या गाडीत आम्ही पाचही जण कोंबलो. सुहैल चालवत होता, काका खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. तेवढ्या वेगातही ते वाचत होते. "डावं टायर गुळगुळीत आहे. शहरातला गाडीवान आहे मेला, मऊ वाळूत ब्रेक मारतोय. इथे थांबले. एकजण उतरला, बुटका आहे, धार मारून आला. चल, चल, फार वेळ नाही झालेला!" मागे अय्यूब दोन्ही हातांनी छताला धरून कलमा पुटपुटत होता.

"त्या तोंडाने रेडिओवर बोला!" मी त्याला ओरडले. "पूर्वेच्या चौकीला सांगा! दरीचं दुसरं तोंड त्यांच्या बाजूला आहे. तिकडून अडवलं नाही तर निसटतील!"

पूर्वेच्या चौकीवर सकाळची खबर शिकलेली पोरं देत, पण त्या वेळी रेडिओपाशी होते माझे नहारमामा. अय्यूबने गाडीतला रेडिओ उचलला. "पूर्व चौकी! चोर! दरीत चोर शिरलेत! ताबडतोब निघा!"

थोडी खरखर झाली. मग मामांचा संथ आवाज. "वालेकुम सलाम, भाऊ. काय खबर?"

"अहो खबर काय! चोर! दरीत!"

पुन्हा खरखर. "भाऊ, तुम्ही कोण? ऊन लागलंय का? सावलीला बसा जरा."

"मी ऑफिसमधून बोलतोय! अय्यूब!"

"अय्यूब असं ओरडत नाही," मामा म्हणाले. "अय्यूब आभार मानतो आणि ठेवतो. पोरांनो, रेडिओशी खेळू नका." खट्.

अय्यूबचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी त्याच्या हातातून रेडिओ हिसकावला आणि पुन्हा लावला.

"नहारमामा मी तुफूल सलाम काय खबर?"

"अगं तुफूल! काही खबर नाही, सगळं छान. तुझी?"

"काही नाही सगळं छान मामी छान शेळ्या छान काय खबर?"

"अल्लाची कृपा. तुझी?"

"अल्लाची कृपा काय खबर?"

"काही विशेष नाही. तुझी काय खबर, पोरी?"

"दरीत चोर शिरलेत, जाळं आहे, अनीदाचं पाडस न्यायला आलेत, तुमचं तोंड अडवा!"

"निघालो," मामा म्हणाले. आणि रेडिओवरच गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

तीन फेऱ्यांना किती वेळ लागला असेल? एका श्वासाचा. मी घाम पुसला आणि रेडिओ परत दिला. अय्यूब माझ्याकडे बघत राहिला होता. गाडी खड्ड्यांत आदळत होती, त्याचं डोकं दोनदा छताला लागलं, त्याला पत्ता नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात?"

"मग काय पहिल्यांदा? आम्ही काय रानटी आहोत?"

त्याने बोटांवर एक, दोन, तीन मोजलं.

दरीच्या तोंडाशी सुहैलने गाडी आडवी घातली. आत बघतो तर पांढरी गाडी चाकापर्यंत रुतलेली, काका म्हणाले तसा शहरातला गाडीवान. आणि ते दोन शूर वीर गाडीच्या टपावर उभे. खाली अनीदा. मान खाली, शिंगं पुढे, गाडीभोवती गोल फिरत होती. बुटक्याने एक पाय खाली टेकवायचा प्रयत्न केला, ती अशी फुरफुरली की पाय परत वर. जाळं वाळूत पडलेलं.

"वाचवा!" आम्हाला बघून बुटका ओरडला. चोर आम्हालाच बोलावतोय!

"काय खबर?" काकांनी लांबूनच विचारलं.

"अहो मारून टाकेल ही!"

"म्हणजे सगळं छान," काका म्हणाले आणि हातपाय पसरून गाडीच्या सावलीत बसले.

पलीकडच्या तोंडातून नहारमामांची गाडी आली, मागे त्यांचे दोन जवान मुलगे. आता चोरांना कुठून पळता येणार? आम्ही सगळ्यांनी मागे सरून अनीदाला वाट दिली. ती ऐकेल तर ना. अर्धा तास तिने आम्हा सगळ्यांना उन्हात ताटकळत ठेवलं, मग डोकं उडवून ऐटीत निघून गेली, पाडसाच्या उलट्या दिशेला, आम्हाला फसवायला. मामांच्या मुलांनी त्या दोघांना टपावरून उतरवलं, पाणी पाजलं, हात बांधले, रुतलेली गाडी उपसली आणि तिच्यातूनच त्यांना पोलिसांकडे घेऊन गेले.

आम्ही टेकाडावर चढलो. अय्यूबला मिझूनने पालथं कसं पडायचं ते दाखवलं. इस्त्रीच्या डगल्याची माती झाली. मिझूनने त्याचं डोकं धरून दुर्बीण बरोबर जागेवर वळवली.

"काही दिसत नाही," तो म्हणाला.

"दगडाशेजारचा दगड बघा. तो दगड नाही."

तो बघत राहिला. मग त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. पाडसाने कान हलवला असणार.

बराच वेळ तो तसाच पडून होता. मग उठला, डगला झटकलाही नाही, आणि गाडीशी जाऊन ऑफिसला रेडिओ लावला. आम्ही सगळे तिथेच होतो, सगळ्यांनी ऐकलं. तिकडून मोठ्या साहेबांचा आवाज. किल्ल्या घेतल्या का, विचारत होते.

"नाही साहेब. इथे दोन चोर पकडलेत. आणि पाडस आहे, साहेब. जिवंत. मी आत्ता स्वतः बघितलं."

"पाडस? बीर हदीफला? आणि सत्तर दिवस तू मला रोज काय कळवत होतास? काही खबर नाही! त्या माणसाने सांगितलं नाही तुला?"

सुहैलने मान खाली घातली. आता हा पोरगा म्हणणार, सांगितलं नाही. आणि ते खरंच होतं, नाही का? वहीत लिहिलेलं सगळं माझ्या पेटीत आणि तोंडाने सत्तर वेळा "काही खबर नाही." नोकरी सुहैलची, चूक सुहैलच्या नावावर पडली असती आणि चौकी वाचूनही आम्ही फाटकावर गेलो असतो.

अय्यूबने सुहैलकडे बघितलं.

"तो सांगणार होता, साहेब," तो म्हणाला. "रोज सांगणार होता. मी एकदाच विचारायचो आणि ठेवून द्यायचो. चूक माझी आहे. माझ्या नावावर लिहा."

पोराची नोकरी जेमतेम तीन महिन्यांची, पुढ्यात काय वाढून ठेवलंय त्याला ठाऊक नव्हतं, तरी तो ताठ उभा होता. मला त्याच्या फाईलवर कॉफी सांडल्याची लाज वाटली. थोडी.

"हं," साहेब शेवटी म्हणाले. "तुझं काय करायचं ते तू परत आल्यावर बघतो. चौकीचा कागद माझ्यापुढे आहे, तो फाडतो. तू आज येऊ नकोस. तिथेच बस आणि नीट विचार."

काकांनी मोठ्याने अल्लाचं नाव घेतलं. मिझून माझ्या कमरेला बिलगली. नहारमामांनी त्यांच्या गाडीतून किटली काढली, बाभळीखाली काटक्या पेटल्या. सगळे बसले. अय्यूब सुहैलच्या समोर बसला, मांडी घालून, मळक्या डगल्यात, आणि वाटी दोन्ही हातांत धरून त्याने विचारलं,

"काय खबर, अबू मिझून?"

"काही खबर नाही," सुहैल म्हणाला. "सगळं छान."

कॉफी झाली. "आणि काय खबर?"

"अल्लाची कृपा."

मामांनी पुन्हा ओतली. कुणी घाई केली नाही, मीसुद्धा नाही. अय्यूबने वाटी खाली ठेवली आणि तिसऱ्यांदा विचारलं.

सुहैलने मांडी बदलली. घसा खाकरला. पण आवाज येईना. सत्तर सकाळी दाढी विंचरून रेडिओपुढे बसलेला माझा नवरा, सगळ्यांसमोर, डगल्याच्या बाहीने डोळे पुसायला लागला. मला वाटायचं याला ताठा आहे. ताठा कसला, कुणाला ऐकायचंच नाही म्हणून माणूस आतून झिजत होता आणि मी शेजारी बसून त्याच्यावर ओरडत होते. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

अय्यूब थांबून राहिला. मिनिटभर, दोन मिनिटं, जेवढा लागेल तेवढा वेळ.

"आमच्या अनीदाला," सुहैल म्हणाला, "मुलगी झाली."